निळ्या पाण्याची वही

माझ्या वडिलांची लघवी दीड वर्ष माझ्या ताब्यात होती.

इतरांना वडिलांकडून जमीन मिळते, म्हशी मिळतात. मला बाटली मिळाली. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक. (जमीनही पुढे मिळाली, पण तिच्यात मी एवढा घोळ घातला नाही.)

मी आता चौऱ्याऐंशीचा आहे. प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर. आमच्या रिह्याच्या खोऱ्यात ‘दादा आणि लाडवांचा डबा’ ही गोष्ट माहीत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. मधुमेह झालेला एक बुंदीवाला झोपेत उठून लाडू खातो, सकाळी शपथेवर नाही म्हणतो, आणि शेवटी त्याची बायको त्याच्या मनगटाला बैलाची घंटा बांधते. ही गोष्ट मीच पसरवली. लग्नाच्या मांडवात, बदलीच्या निरोप समारंभात, एस.टी. बंद पडली म्हणून रस्त्याच्या कडेला बसलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितली. लोक पोट धरून हसले. गोष्टीत घंटा खरी आहे, डबा खरा आहे, आई खरी आहे. फक्त दादांनी लाडू खाल्ले नव्हते.

एवढी एकच दुरुस्ती करायची आहे. पण ती करायची तर मुंग्यांपासून सुरुवात करावी लागते.

दादा म्हणजे माझे वडील. भाताची खाचरं, बैलजोडी, चार म्हशी आणि बुंदी, एवढा त्यांचा संसार. बुंदी हा धंदा नव्हता, तो मान होता. पौडपासून नांद्यापर्यंत भावकीत कुठेही लग्न निघालं की बुंदीच्या कढईपाशी दादा. त्याबद्दल ते काही घेत नसत. मात्र पहिल्या घाण्याचे लाडू एका डब्यात भरून, वर नवं फडकं बांधून, लग्नघर ते दादांच्या हाती देई. हा मानाचा डबा. तो नाकारणं म्हणजे नवरीला नावं ठेवण्यासारखं होतं, त्यामुळे तो कोणी नाकारत नसे.

दादांची खरी कला पाकात होती. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पाकाचा थेंब घ्यायचा, बोटं हळूच उघडायची आणि हात उजेडाकडे धरायचा. बोटांमध्ये एक तार ताणली जायची. ती तुटली तर ‘थांबा’. ती टिकली की ‘सोडा बुंदी’. दादांना अक्षरओळख नव्हती, पण ती तार ते असे वाचत की मला चौथीची पुस्तकंसुद्धा तशी वाचता येत नसत.

त्या वर्षी भातकापणीच्या सुमारास दादा घागरभर पाणी पिऊ लागले आणि तेवढंच गोठ्यामागे जाऊन सोडू लागले. अंगावरचा सदरा सैल झाला. मग एका सकाळी आईने गोठ्यामागच्या दगडापाशी काळ्या मुंग्यांची रांग पाहिली.

‘‘अवं, तुमच्या मागं मुंग्या लागल्यात,’’ ती म्हणाली.

‘‘बुंदी करणाऱ्याच्या मागं मुंग्या लागनारच की.’’

‘‘बुंदी हातानं करता न्हवं?’’

त्या आठवड्यात मी त्यांना पौडला चालवत नेलं आणि तिथून एस.टी.ने पुण्याला.

डॉक्टर हळू बोलणारे होते. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, मग खोलीत अंधार करून एका बारीक दिव्याने दादांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मी शिक्षक आहे हे कळल्यावर सगळं मलाच सांगितलं. साखर वाढली म्हणून माणूस आज पडत नाही, म्हणाले. ती आतल्या बारीक रक्तवाहिन्या नासवते. डोळ्यांच्या पडद्यावरच्या, मूत्रपिंडातल्या, पायांच्या नसांना पोसणाऱ्या. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दादांच्या पडद्यावर दोन-तीन ठिपके आत्ताच दिसत होते. साखर ताब्यात राहिली तर ते तेवढेच राहतील.

‘‘बारीक मंजी किती बारीक?’’ दादांनी विचारलं.

‘‘केसाहून बारीक.’’

दादा माझ्याकडे वळले. ‘‘मंजी एकतारी पाकाच्या तारंपरास बारीक. मग जपाय पायजे.’’

हे वाक्य मी कोणत्याही मांडवात सांगितलेलं नाही. ते गोष्टीत बसत नव्हतं. पण दादा ते बोलले आणि त्या दिवसापासून तसेच वागले.

साखर बंद, गूळ बंद, भात जवळजवळ बंद. भाताच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला भात बंद, म्हणजे मग खायचं काय, खाचरातला चिखल, असं आईने डॉक्टरांच्या पाठीमागे विचारलं. नाचणीची भाकरी आणि कारल्याची भाजी आली. रोज गोळ्या आल्या. गोळ्यांनी भागलं नाही तर इंजेक्शनं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मुसंडी मारणाऱ्या बैलाला आडवे जाणारे दादा इंजेक्शन म्हटलं की चार पावलं मागे सरत.

आणि माझ्या वाट्याला आला संच: एक काचेची नळी, तिला धरायचा चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या पाण्याची मोठी बाटली. नळीत चमचाभर निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. पिवळा, नारिंगी म्हणजे वाढत चाललेली. विटेसारखा लाल झाला तर फार. रंग वहीत लिहायचा आणि दर महिन्याला वही घेऊन यायचं. गोळ्या वाढवायच्या की इंजेक्शन द्यायचं, हे डॉक्टर त्या वहीवरून ठरवणार होते.

मी शंभर पानी वही आणली. लाल शाईने रकाने आखले. पहिल्या पानावर दादांचं नाव वळणदार अक्षरांत लिहिलं आणि खाली एक छोटी वेलबुट्टी काढली. (लघवीच्या वहीवर वेलबुट्टी काढणारा माणूस कसला असेल, हे वाचकांनी इथेच ओळखायला हवं.)

पहिले काही दिवस फार चांगले गेले. माझ्यासाठी. चुलीजवळ हा उद्योग करायला आईने साफ नकार दिला, तेव्हा मी ओट्यावर बसून नळी उकळू लागलो. सकाळची वेळ, येणारे-जाणारे थांबू लागले. नळीतलं निळं पाणी खदखदत हिरवं होताना, मग पिवळं होताना पाहून बायामाणसांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघत असे. शेजारचे गणपतमामा तिसऱ्या दिवशी स्वतःचा तांब्या घेऊन आले.

‘‘मास्तर, माजंबी बघ की.’’

माझंही बघ, असं कोणी म्हटलं की मला नाही म्हणता येत नसे. चोवीस वर्षांचा होतो, ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो, आणि गावाने मला त्याआधी काहीही बघायला सांगितलं नव्हतं. गणपतमामांचं निळंच राहिलं. ते वाड्यावस्त्यांवर सांगत सुटले की माझं निळं निघालं, जणू पोराला नोकरी लागली. मग रांगच लागली. नवरीमुलीचं बघा, म्हाताऱ्याचं बघा, जावयाचं त्याला न कळवता बघा. एकाने म्हशीचं आणलं. ते मी म्हशीचं आहे हे न कळता तपासलं आणि निळं आल्यावर त्याने मोठ्याने जाहीर केलं की आमची म्हस दादापरास नीट हाय. एकदा नळी जास्त तापून उसळली आणि आतला माल माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. सदरा बदलायला वेळ नव्हता. मी तसाच शाळेत गेलो आणि दिवसभर पोरांना वाटलं की मास्तरांनी रंगपंचमी लवकर घेतली.

महिनाभर पुरायचं निळं पाणी अठराव्या दिवशी संपलं.

असलं पाणी पौडला मिळत नव्हतं. पुण्याला जायला बारा दिवस होते. दादांना सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की तुमचं पाणी मी म्हशीवर खर्च केलं. ते मी सांगितलं नाही. उलट म्हणालो, इथे ओट्यावर गर्दी होते, उद्यापासून बाटली शाळेत नेतो आणि तिथे निवांत तपासतो.

‘‘हां, निवांत कर,’’ दादा म्हणाले.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मास्तरांना टाचण नावाची वही ठेवावी लागते. आज काय शिकवणार, कसं शिकवणार, हे रोज आदल्या दिवशी लिहायचं असतं. रोज ते कोणीच लिहीत नसे. साहेबांची तपासणी आली की महिन्याभराचं टाचण एका बैठकीत लिहायचं. त्यातही कसब असतं. दोन टाक वापरायचे. मधूनच दौतीत पाणी घालून शाई फिकी करायची, म्हणजे ते पान दुसऱ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटतं. एखाद्या दिवशी मुद्दाम ‘पाठ अपुरा राहिला’ असं लिहायचं. सगळे पाठ पुरे झाले तर साहेबांना संशय येतो. हे मला कोणी पाप म्हणून शिकवलं नव्हतं, कामाची पद्धत म्हणून शिकवलं होतं. माझं टाचण तालुक्यात नावाजलेलं होतं.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी बारा दिवसांची लघवी एका बैठकीत लिहिली.

दोन टाक वापरले. शाई फिकी केली. बहुतेक निळा, मधूनमधून हिरवा, आणि एका एकादशीला, दादांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल अशा बेताने, एक पिवळा. तो पिवळा घातल्यावर मी वही लांब धरून पाहिली. अगदी खरी वाटत होती.

डॉक्टरांनी पानं उलटली. दवाखान्यात दादांची लघवी तपासली, ती हिरवट निघाली. (पहाटेपासून उपाशी, पौडपर्यंत चालत आलेल्या माणसाची ती लघवी होती, पण हे मला तेव्हा सुचलं नाही, किंवा सुचू दिलं नाही.) मग त्यांनी बाकावर बसलेल्या रोग्यांना वही उघडून दाखवली आणि वही अशी ठेवावी, असं म्हणाले. अक्षराचं विशेष कौतुक केलं. गोळ्या आहेत त्याच राहू द्या, इंजेक्शनची गरज दिसत नाही. वही इतकी चांगली आहे, तेव्हा डोळे पुढे बघू.

दादा त्या दिवशी एस.टी.त सगळ्या वाटेने अनोळखी माणसांना सांगत होते की वही चांगली निघाली, सुई टळली.

नव्या निळ्या पाण्याची बाटली घेऊन आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी मी खरोखर तपासलं, कारण मी काही राक्षस नव्हतो. नळी पिवळी झाली. नारिंगी झाली. मग तळाशी विटेचा चुरा बसावा तसा लाल गाळ बसला. मी नळी धुतली आणि पुन्हा केलं. पुन्हा वीट.

मी लिहायला बसलो. वरच्या रकान्यात कालपर्यंतचे निळे, हिरवे, ज्यांचं कौतुक झालं होतं. त्यांच्याखाली एकदम लाल लिहिलं तर डॉक्टर विचारणार, हे एका दिवसात कसं झालं? मी ‘हिरवा’ लिहिलं. दोन-चार दिवसांत खरंच हिरवा येईल, मग जमून जाईल, असा विचार होता. आठवडाभर वीट येत राहिली आणि आठवडाभर मी हिरवा लिहीत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की हिरवाच लिहायचा आहे तर उकळायचं कशाला?

तिथून पुढे सव्वा वर्ष मी दिवा पेटवला नाही. महिन्याच्या फेरीत उपाशी, चालत आलेल्या दादांची लघवी दवाखान्यात हिरवटच निघे आणि डॉक्टर वही पाहून डोळे पुढच्या खेपेवर टाकत.

दादा रोज सकाळ-संध्याकाळ बाटली भरून, बूच नीट बसवून, फडक्याने पुसून माझ्या हातात देत. मी ती शाळेच्या वाटेवरच्या ओढ्यात ओतून देत असे. माझी बायको सुमन एकदा म्हणाली, ‘‘अहो, स्पिरिट संपत कसं नाही?’’ मी म्हणालो, जपून वापरतो. सुमनला जाऊन सहा वर्षं झाली. तिला ठाऊक होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

आता लाडवांचं.

मधुमेह झाला तरी दादांना लग्नाची बोलावणी थांबली नव्हती. ते पाक बोटाने बघायचे, जिभेला लावत नसत. बोटं धुऊन टाकायचे. मानाचा डबा मात्र घ्यावाच लागे. आईच्या डोळ्यांसमोर नको म्हणून ते तो आपल्या खाटेखाली कणगीआड सरकवून ठेवत आणि मग त्याकडे बघतही नसत. तो डबा तिथे आहे हे घरात आणखी एकाच माणसाला माहीत होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. त्या माणसाला लहानपणापासून गोडाचं भारी वेड.

शाळेत जाताना माझ्या एका हातात दादांची बाटली असे आणि खिशात दादांचा लाडू. ओढ्यापाशी आलो की बाटली ओतायची, हात धुवायचे आणि लाडू खायचा. दोन्ही कामं एकाच दगडावर बसून होत.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात माझ्या चुलतबहिणीचं लग्न नांद्याला निघालं. दादा कढईपाशी, मी पाणी-सरपणाला, गणपतमामा झाऱ्यावर. पाक तयार होत आला. दादांनी थेंब घेतला, बोटं उघडली, हात उजेडाकडे धरला. मग पुन्हा थेंब घेतला. मग तिसऱ्यांदा. गणपतमामांचा झारा वरच थांबला.

‘‘मास्तर, हिकडं ये,’’ दादा म्हणाले. ‘‘तार हाय का बग.’’

‘‘हाय, दादा.’’

‘‘कुटं?’’

‘‘तुमच्या बोटांत.’’

ते हात तसाच धरून राहिले. तार उन्हात चमकत होती. ‘‘काळं जाळं आलंय डोळ्याम्होरं,’’ ते हळू म्हणाले. ‘‘कोळिष्टकावानी. बोटंबी दिसंनात.’’

मी काही बोलणार तोच गणपतमामांनी नाक वर केलं. ‘‘कायतरी जळतंय.’’

सगळ्यांनी कढईत पाहिलं. बुंदी नीट होती. पाक नीट होता. मग कोणीतरी ओरडलं, ‘‘पाय! पाय जळतोय!’’

दादांनी शांतपणे खाली मान घातली आणि विचारलं, ‘‘कुनाचा?’’

ते भट्टीतून पडलेल्या निखाऱ्यावर उभे होते. किती वेळ, कोणालाच माहीत नाही. त्यांना तर अजिबातच नाही.

(हा ‘कुनाचा’ मी पुढे अनेक वर्षं मांडवात वापरला. त्यावर हटकून हशा येतो. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं.)

पायावर ओलं फडकं बांधून आम्ही त्यांना गाडीत घातलं. अशा गोंधळातही नवरीच्या बापाने मानाचा डबा गाडीत ठेवलाच.

पुण्याला आईही आली. डॉक्टरांनी पाय पाहिला, टाचणीने टोचून पाहिलं. दादांना टाचणी कळली नाही. डोळ्यांत पाहिलं आणि दिवा बाजूला ठेवला. पडद्यावर रक्त झालं होतं. रक्तातली साखर पाहिली. मग त्यांनी माझी वही मागितली.

एक एक पान बघत गेले. निळा, हिरवा, निळा, निळा.

‘‘हे जुळत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘दादा, मी रागावणार नाही. चोरून गोड खाता का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘खात्यात, डॉक्टर,’’ आई म्हणाली. ती रडत होती आणि चिडलीही होती. ‘‘खाटेखाली डबा ठिवत्यात. मला कळत न्हाई व्हय? लगीन झालं की डबा येतो आन आठ दिसांत रिकामा. घरात दुसरं कोन हाय त्यो खायाला?’’

दादा तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. ‘‘ठिवतो. पर मी न्हाई खाल्ला. इमानानं सांगतो.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘मग ही वही खोटी म्हणायची का?’’

मी दादांच्या शेजारी बसलो होतो. तिथे दोन शब्द बोलायचे होते. ‘व्हय, खोटी.’ एवढंच. माझ्याआधी दादा बोलले.

‘‘वही माज्या मास्तरची हाय. ती खोटी न्हाई.’’ मग ते थांबले. दोन गोष्टी त्यांच्यासमोर होत्या, त्यांचं स्वतःचं इमान आणि माझी वही, आणि दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. ते त्यातून वाट काढत होते. ‘‘मग मीच झोपंत खाल्ला आसंन,’’ ते म्हणाले. ‘‘झोपंत मानसाला काय कळतंय.’’

डॉक्टर किंचित हसले. आईने कपाळाला हात लावला. मी वही मिटली आणि पिशवीत ठेवली.

पायाची दोन बोटं काढावी लागली. इंजेक्शनं सुरू झाली. रोजची सुई मी द्यायला शिकलो. दादा मांडी पुढे करत आणि तोंड वळवत, पण एकदाही मागे सरले नाहीत. आपल्या चुकीची शिक्षा आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

घंटा त्यांनीच मागितली. घरी आल्या दिवशी आईला म्हणाले की मला झोपंत उठायची खोड लागलीय, झोपताना हाताला कायतरी वाजतं बांध. आईने धाकट्या बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून त्यांच्या मनगटाला बांधली. नांद्याचा नवा डबा खाटेखालीच होता. मी त्याला हात लावायचं सोडलं, भीतीने. महिना झाला तरी डबा भरलेलाच.

‘‘बघा,’’ आई गावभर सांगू लागली, ‘‘घंटा बांधली आन लाडू जागच्या जागी. साखरबी उतरली.’’

साखर इंजेक्शनाने उतरली होती. लाडू माझ्यामुळे उरले होते. पण पुरावा इतका चोख होता की मलासुद्धा कधी कधी वाटे, दादाच खात असतील.

आता मी रोज खरोखर तपासत होतो. दिवा, थेंब, उकळी. खरी वही लिहायला लागलो तेव्हा गंमत अशी झाली की अक्षर बिघडलं. नळी हातात असताना घाईने खरडलेलं, पानांवर थेंब सांडलेले, निळे डाग, मधे खाडाखोड. डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, मास्तर, पूर्वीसारखी नीट ठेवा की.

डोळे परत आले नाहीत. आधी डावा गेला, मग वर्षाने उजवा. दादा ओट्यावर बसत. जाणारा-येणारा विचारायचा, ‘‘काय दादा, काल किती लाडू?’’ आणि ते हसून म्हणायचे, ‘‘लई न्हाई, दोनच.’’ सुरुवातीला चेष्टा गणपतमामा करत. पुढे मी करू लागलो. माझ्या तोंडी ती जास्त रंगली, कारण मला सगळे बारकावे माहीत होते. आपण गोष्ट सांगत राहिलो की कोणी विचारत नाही, हे मला लवकर कळलं.

ते आणखी अकरा वर्षं जगले. घंटा त्यांनी शेवटपर्यंत सोडू दिली नाही. शेवटच्या दुखण्यात एकदा मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, ‘‘दादा, त्या वहीचं एक सांगायचं होतं.’’

‘‘वही जपून ठिव,’’ ते म्हणाले. ‘‘नातवंडांना दाव. अक्षर लई चांगलं हाय म्हन्त्यात. मला कवा बघता आलं न्हाई.’’

मी जपून ठेवली आहे. ट्रंकेत आहे. वेलबुट्टीचा रंगसुद्धा उडालेला नाही.

गेल्या महिन्यात पौडच्या मंगल कार्यालयात पुतण्याच्या मुलाचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर पुतण्याने माइक माझ्या हातात दिला आणि जाहीर केलं की आता काका आपल्या दादांच्या लाडवांची गोष्ट सांगतील. लोक आधीच हसायला लागले होते. मी उभा राहिलो आणि ही गोष्ट सांगितली. वर लिहिली आहे तीच. निळं पाणी, म्हस, ओढा, लाडू, ‘झोपंत खाल्ला आसंन’. म्हशीपर्यंत लोक हसले. मग हळूहळू थांबले. शेवटी माइक कुरकुरत होता तेवढा आवाज उरला.

पुतण्या खुर्चीपर्यंत मला धरून घेऊन गेला. वाकून कानात म्हणाला, ‘‘काका, पहिली जास्त चांगली होती.’’

मला स्वतःला मधुमेह होऊन सतरा वर्षं झाली. (लाडू कुठेतरी निघणारच होते.) आता ओढा नाही, नळी नाही. बोटाला टोचायचं, यंत्र आकडा दाखवतं आणि तो मी वहीत लिहितो. सतरा वर्षं लिहितोय. माझे डॉक्टर ती वही इतर रोग्यांना दाखवतात.

त्या लग्नात माझी सून दुसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली, माझी वही उचलली, माझं बोट धरलं, टोचलं, आकडा बघितला आणि स्वतः लिहिला. तेव्हापासून रोज तीच लिहिते.

तिचं अक्षर अगदी भयानक आहे. मला ते बघून फार बरं वाटतं.